मेणाखालचा कातळ

पावसाळ्यात कास पठारावर फुलांच्या गर्दीतून जरा बाजूला गेलं की उघडा कातळ लागतो. त्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं. पाण्याखाली जांभ्याचा तांबडा रंग, त्यावर दगडफुलाचे राखी ठिपके, कुठे शेवाळ, कुठे नुसता काळोख. कोरड्या दिवसांत हेच रंग डोळ्यांसमोर सपाट पडलेले असतात. पाणी आलं की ते आत जातात, खाली जातात. मला कित्येक वर्षं हे रंगवायचं होतं. पठार नको होतं, फुलं तर नकोच होती. हवं होतं ते फक्त खोलवर दिसणं.

तैलरंगात पातळ थरांवर थर देऊन पाहिलं. चकाकी आली, खोली आली नाही. ॲक्रिलिकने त्याहून कमी दिलं. मग एका चित्रकार मैत्रिणीकडे पुण्यात मेणात केलेलं एक छोटं चित्र हातात घेऊन पाहिलं. मेणचित्र, म्हणजे एन्कॉस्टिक. चित्र तिरपं धरलं तर पृष्ठभागाखाली आणखी दोन-तीन पृष्ठभाग दिसत होते. समोरून पाहिलं तर उजेड वरच्या थरातून आत जाऊन खालच्या रंगाला लागून परत येत होता. त्या दिवशी घरी येताना खंबाटकी घाट कधी उतरला ते मला कळलं नाही.

मेण आपल्याला नवीन नाही. शाळेत चित्रकला शिकवताना मी मुलींकडून बाटिक करून घेत असे. पण बाटिकमध्ये मेणाचं काम रंग अडवायचं. शेवटी ते गरम पाण्यात उकळून काढून टाकतात. पितळी मूर्ती ओततानाही मेणाची मूर्ती वितळून जाते आणि तिच्या जागी धातू बसतो. दोन्हीकडे मेण काम करून निघून जातं. इथे ते राहतं. रंगाला धरून ठेवणारं तेच, रंगावरचं पारदर्शक आवरण तेच आणि चित्राचं अंगही तेच. म्हणून मेण कुठलं, किती शुद्ध, याला फार महत्त्व येतं.

सातारा जिल्ह्यात राहून मेणासाठी बाहेर जायला लागू नये. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि त्या भागातल्या मधपाळांचं काम तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. मी अशाच एका वयस्कर मधपाळांच्या ओट्यावर जाऊन बसले. सातेरी माशीचं मेण मागितलं. ते म्हणाले, "ताई, पेटीतल्या माशीचं मेण आमालाच पुरत न्हाय, तुमाला कुठनं देऊ? आग्याचं हाय, त्ये घ्या."

त्यांनी समजावलं तेव्हा कोडं सुटलं. पेटीत मध यंत्रात फिरवून काढतात आणि रिकामं पोळं परत माशीलाच देतात, म्हणजे ती पुन्हा मध भरायला मोकळी. मेण तयार करायला माशीला त्याच्या कितीतरी पट मध खर्ची घालावा लागतो, मग पोळं कोण मोडेल? जे थोडं मेण निघतं त्याचेही पत्रे करून चौकटींना लावतात. आग्या मोहोळाचं तसं नाही. तिथे पोळं कापूनच मध येतो आणि मेण मागे उरतं. ते काळसर, वासाला उग्र, कचरा असलेलं असतं, पण असतं.

आग्याचं मेण मी पाण्यात उकळून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून, थंड करून वर आलेली वडी काढली. खालचा गाळ खरवडला आणि पुन्हा तेच. रंग गर्द पिवळा राहिला. फिक्या रंगांसाठी हे चालत नाही. पांढऱ्यात घातलं तर पांढरा साजूक तुपासारखा होतो. त्यासाठी गाळून पांढरं केलेलं मेण मी बाहेरून मागवते. पण तांबड्या, तपकिरी, काळ्या कामासाठी आग्याचंच. बाजारात मेण म्हणून पॅराफिनची भेसळ सर्रास मिळते. ढेप फोडून पाहावी: मधमाशीच्या मेणाचा तुटलेला भाग निस्तेज आणि कणीदार दिसतो. पॅराफिन ठिसूळ असतं, चित्रावर त्याचे टवके उडतात.

नुसतं मेण मऊ पडतं. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी नखाने दबायला लागतं. त्याला कडकपणा यावा म्हणून डामर राळ घालतात. ही राळ आपल्या साल वृक्षाच्याच कुळातल्या झाडांची. दुकानात नुसती 'राळ' मागितली तर बऱ्याचदा चिडाची राळ हातात पडते. ती वेगळी, तिने मेण चिकट आणि पुढे पिवळं होतं. डामरचे खडे मी पुण्याहून चित्रसाहित्याच्या दुकानातून आणते, खलबत्त्यात बारीक करते. वजनाने आठ भाग मेण, एक भाग राळ. राळ जास्त झाली तर थर काचेसारखा तडकतो, कमी झाली तर वर पांढुरकी साय धरते. राळेला वितळायला मेणापेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून हे एकच काम मी शंभर अंशांच्या थोडं वर, अगदी सावकाश आणि सतत समोर उभं राहून करते. मग सालीचे तुकडे गाळायचे आणि वड्या पाडून ठेवायच्या.

उष्णतेबद्दल मला मोकळेपणाने सांगायचंय, कारण हौसेने सुरुवात करणारी मंडळी नेमकी इथेच घाई करतात. रंगवताना मेण ८० ते ९० अंशांत राहिलं पाहिजे. त्याहून फार वर गेलं की धूर येतो आणि तो डोळ्यांना, घशाला झोंबतो. धूर दिसला म्हणजे आधीच जास्त झालंय. मी डोशाचा विजेवरचा सपाट तवा वापरते, त्यावर पत्र्याचे छोटे डबे आणि एका डब्यात थर्मामीटर कायम उभा. गॅसची शेगडी कधीच नाही. खोलीच्या एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, समोरची खिडकी उघडी, तवा त्या पंख्याच्या बाजूला, म्हणजे वाफ माझ्या तोंडावरून न जाता थेट बाहेर जाते. छताचा पंखा मात्र बंद, कारण त्याच्या वाऱ्याने कुंचल्यावरचं मेण फळीपर्यंत पोचायच्या आत थिजतं. साताऱ्याच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं हातयंत्र, चालवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी उन्हाळ्यात पहाटेच काम उरकते. हाताशी झाकण आणि अग्निशामक असतो. पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय.

फळीचं प्रकरण शाहूपुरीतल्या सुतारांनी सोपं केलं. कॅनव्हास चालत नाही. तो हलतो आणि मेण भेगाळतं. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, मागून चौकट. वरून पांढरी भुई तयार करायची ती सरस आणि खडूच्या भुकटीची. सरस रात्रभर भिजत घालून, मंद गरम करून, खडू कालवून पाच-सहा हात. बाजारातली तयार भुई, म्हणजे ॲक्रिलिक जेसो, इथे निरुपयोगी, कारण ती प्लास्टिकची. मेणाला आत शिरायला भुई पिणारी लागते. पावसाळ्यात ही भुई नीट सुकत नाही आणि ओल राहिली तर गरम मेणाखालून बुडबुडे येत राहतात. म्हणून जून ते सप्टेंबर मी नव्या फळ्या करतच नाही, आधी केलेल्यांवर काम करते.

रंगांसाठी भुकट्या. गेरू, रामरज (पिवळी माती), काजळी आणि दुकानातून आणलेला अल्ट्रामरीन, टिटॅनियम पांढरा. भुकटी मेणात कालवताना तोंडावर मास्क असतो. कॅडमियमचे आणि शिशाचे रंग भुकटीच्या रूपात मी घरात आणत नाही. तयार तैलरंगही चालतो, पण तो आधी कागदावर पिळून तासभर तेल शोषू द्यावं लागतं. तेल जास्त गेलं तर मेण घट्ट होत नाही. कुंचले डुकराच्या केसांचे, नैसर्गिक. नायलॉनच्या कुंचल्याचे केस या उष्णतेत वाकडे होतात.

आता मुख्य काम. फळी हीट गनने कोमट करायची आणि पहिला थर बिनरंगाचा द्यायचा. तो भाजायचा. मग रंग. भाजायचा. पुन्हा रंग, पुन्हा भाजायचा. प्रत्येक थर खालच्या थरात वितळून मिसळला नाही तर तो नुसता वर बसलेला राहतो आणि एखाद्या धक्क्याने पापुद्र्यासारखा सुटून येतो. ही शिस्त मोडता येत नाही. पण याच भाजण्यात चित्र घडतं किंवा बिघडतं, आणि मला या माध्यमाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथे.

हीट गन फळीपासून वीतभर लांब धरून फिरवत राहायचं. आधी पृष्ठभाग निस्तेज असतो. मग एका कडेने ओलसर चकाकी यायला लागते आणि पुढे सरकते. चकाकी आली त्या क्षणी थर जुळलेला असतो. तिथेच पुढे जायचं. क्षणभर जास्त थांबलं तर कुंचल्याच्या रेघा विरघळतात. आणखी थांबलं तर रंग सरकायला लागतात: पांढरा तांबड्यात शिरतो, काळा कडेने वाहतो, तळातून एखादा विसरलेला पिवळा वर येतो. पार वितळू दिलं तर सगळ्याचा चिखल होतो. या चारही टप्प्यांची मला गरज असते. एकाच फळीवर एका कोपऱ्यात रेघ जशीच्या तशी राखायची असते, दुसरीकडे दोन रंगांची सीमा पुसट करायची असते, तिसरीकडे जाणूनबुजून वाहू द्यायचं असतं. कुंचला रंग ठेवतो इतकंच. काय राहणार आणि काय जाणार हे उष्णता ठरवते, आणि उष्णता कुठे किती हे माझं मनगट. छोट्या जागेसाठी मी हातात धरायच्या गॅस-टॉर्चची बारीक ज्योत वापरते. ती झटकन खोल जाते, म्हणून हात जरासाही थबकू द्यायचा नाही.

अमूर्त चित्रासाठी हे माध्यम मला जवळचं वाटतं ते यामुळेच. आकृती काढणाऱ्याला भाजताना आकृती सांभाळावी लागते. मला सांभाळायचं असतं ते अंतर: कुठला रंग किती खाली आहे. कासच्या कातळाचं चित्र काढायला बसले तर मी कातळ काढत नाही. तळाला गेरूचा खडबडीत थर, त्यावर काजळीचे शिंतोडे, त्यावर बिनरंगाचं मेण चांगलं जाड, मग हिरवट राखी विरळ डाग, पुन्हा बिनरंगाचं. या मधल्या रिकाम्या थरांतच माझं पाणी असतं. ते रंगवता येत नाही, फक्त साचवता येतं.

आणि मग खरवडणं. मेण कोमट असताना लोण्यासारखं निघतं, थंड झालं की कडक पातळ साली निघतात. मी दोन्ही वेळा खरवडते, पण थंड असताना जास्त. कारण तेव्हा पातं किती खाली गेलं ते हाताला कळतं. वरचे थर सपाट तासले की खालच्या खडबडीत गेरूची उंच टोकं उघडी पडतात आणि खळग्यांत वरचे रंग शिल्लक राहतात. जे आकार येतात ते मी काढलेले नसतात, पण माझ्याच थरांतून आलेले असतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पात्याने रंग लावत, काढत. त्यांच्या चित्रांतला उजेड मागून येतो असं मला नेहमी वाटत आलंय, आणि काढून टाकणं हेही रंगवणंच आहे यावर माझा विश्वास त्यांची चित्रं पाहूनच बसला. सालींचा कचरा फेकायचा नाही. रंगवार डब्यांत ठेवला की पुन्हा वितळतो. मिसळलेल्या सालींचा जो एक करडा होतो, तो मला दुकानात कुठल्याही ट्यूबमध्ये मिळालेला नाही.

रेघ हवी असेल तर कोरणीने खोदते. खोदलेल्या चरीत तैलरंगाची कांडी चोळायची आणि वरचा रंग तेलाच्या फडक्याने पुसून घ्यायचा, चरीतला राहतो. कागदही घालता येतो. पातळ, पिणारा कागद मेणात बुडवला की जवळजवळ नाहीसा होतो आणि त्यावरची अक्षरं तेवढी तरंगत राहतात. जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराने १९५४-५५ मध्ये रंगवलेल्या झेंड्यात वर्तमानपत्राचे तुकडे मेणाखालून दिसतात. मी मोडीतल्या जुन्या हिशेबाच्या पानांच्या छायाप्रती वापरल्या. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवरून सुचलेली एक मालिका केली, तिच्यात. विहिरीत उतरताना भिंतींवर ओलीच्या रेषा दिसतात, एकीखाली एक. त्या आडव्या पट्ट्यांत मी मोडीच्या ओळी पुरल्या. वाचता येत नाहीत, येऊ नयेतच. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं एवढं कळलं की पुरे. मूळ पानं मात्र मी कधीच वापरणार नाही. कुणाच्या घरातलं जुनं दप्तर चित्रासाठी मेणात बुडवणं मला मान्य नाही.

चित्र कुठे थांबवायचं, हा अमूर्त चित्रातला सगळ्यात अवघड भाग आणि मेणात तो आणखी अवघड, कारण मेण कधीच 'नाही' म्हणत नाही. वर्षानंतरही गरम केलं की पुन्हा सुरू. मी फळी भिंतीला उलटी टेकवून ठेवते. मग एका सकाळी तिरप्या उन्हात पाहते. नजर एकाच थरावर अडकत असेल तर काम बाकी आहे. नजर खाली-वर करत राहिली, तर नवा थर देत नाही. बालपणी वडिलांबरोबर औंधच्या भवानी संग्रहालयात जायचे, तेव्हा तैलचित्रं कडेने पाहायची सवय लागली. चेहऱ्यापेक्षा रंग कुठे जाड, कुठे पातळ तेच मी बघत राही. ती सवय आता रोज कामाला येते.

लोक विचारतात, आपल्याकडच्या उन्हात हे वितळणार नाही का? साताऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, भीती साहजिक आहे. पण इजिप्तमध्ये फायूम भागात पहिल्या ते तिसऱ्या शतकांत ममींवर बसवलेल्या लाकडी फळ्यांवर मेणात रंगवलेले चेहरे आजही टवटवीत आहेत. भिंतीवर, सावलीत, खेळत्या हवेत मेणचित्राला काही होत नाही. थेट ऊन मात्र नको, आणि पश्चिमेची भिंत उन्हात तापत असेल तर तीही टाळावी. थंडीत उलट होतं. डिसेंबरच्या सकाळी चित्रावर पांढुरकं धुकट आवरण येतं. नवीन चित्रावर ते पहिल्या वर्षात हमखास येतं. धुवायचं नाही, घासायचं नाही. मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसलं की झिलई परत येते, आणि पुसताना अजून मधाचा वास येतो.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते प्रवासात. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आतली उष्णता चित्र मऊ पडण्याइतकी सहज चढते. म्हणून पुण्याला प्रदर्शनाला चित्रं न्यायची तर आम्ही उजाडायच्या आत निघतो आणि वाटेत चहाला थांबलो तरी एक जण गाडीपाशी राहतो. बुडबुड्यांचं प्लास्टिक चित्राच्या तोंडाला लावायचं नाही, प्रत्येक बुडबुड्याचा ठसा उमटतो. आधी गुळगुळीत ग्लासिन कागद, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे आधार, मग फळी खोक्यात अशी बसवायची की तोंडाला काही टेकणारच नाही. चित्र घेणाऱ्यांना मी हे सगळं कागदावर लिहून देते, फडकंही सोबत देते, आणि कोपरा दुखावला तर परत आणा, भरून देईन असं सांगते. मेणात ते करता येतं: तोच रंग वितळवायचा, खाचेत सोडायचा, भाजायचा आणि पात्याने सपाट करायचा.